कॉलेजातले ते महिने : दुसऱ्यासाठी वाचताना, राबताना

ठाणे आणि नवी मुंबईत कॉलेज केलेल्या किंवा अजून करणाऱ्या सगळ्यांना हे आवतण. लेक्चर, लोकल, सबमिशन या रगाड्यातून वेळ काढून तुम्ही कधीतरी कुणासाठी काहीतरी केलं असेल. एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) १२० तास भरायचे म्हणून असेल, क्रेडिटसाठी असेल, नाहीतर मैत्रिणीने हात धरून नेलं म्हणून. तेव्हा दिवस कसा जायचा, काय वाचत होतात, आणि त्या कामाने तुमच्या वाचनाचं काय झालं, ते लिहा. चार ओळी असल्या तरी चालतील. संस्थांची आणि माणसांची नावं मात्र नकोत, स्टेशनं चालतील.

सुरुवात मी करते.

मी कळव्याची. एम.ए. इतिहास, दुसरं वर्ष, कॉलेज ठाण्यात. म्हणायला एकच स्टेशन, पण सकाळी कळव्याला डब्यात पाय ठेवायला मिळेपर्यंत दोन गाड्या सोडाव्या लागतात. एकपर्यंत लेक्चर, मग डबा खाऊन मराठी ग्रंथसंग्रहालय. १८९३ सालची संस्था, आणि माझा प्रकल्प १८५३च्या बोरीबंदर-ठाणे गाडीवर. त्यामुळे जुनी पुस्तकं, अहवाल, जे हाती लागेल ते वाचत बसायचे. संध्याकाळी सहाला उठायचं, घरी जाऊन आईला पोळ्या लाटून द्यायच्या. जुलैपर्यंत असं सरळ चाललं होतं.

ऑगस्टमध्ये सरांनी विचारलं, बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला एक मुलगी आहे, तिला दिसत नाही, राज्यशास्त्राची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून देशील का? मी लगेच हो म्हटलं. वाचायचंच तर आहे, त्यात काय, असं वाटलं होतं. मोबाइलमध्ये पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर असतो, मग माणूस कशाला लागतो, हेही मी तिला पहिल्याच भेटीत विचारलं. ती म्हणाली, ताई, नोट्स सगळ्या स्कॅन केलेल्या असतात. तुला अक्षरं दिसतात, माझ्या फोनला तो नुसता फोटो वाटतो. तो काहीच वाचत नाही.

आमचं घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर आहे. लहानपणापासून गाडीचा आवाज मला ऐकूच येत नव्हता, पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये आला. एका पानात तीन गाड्या. मग रात्री साडेबारानंतर, पंखा बंद करून, डोक्यावरून गोधडी घेऊन वाचायला लागले. ऑक्टोबरच्या उकाड्यात गोधडीखाली मोबाइलच्या उजेडात घाम पुसत ‘संघराज्य आणि केंद्र-राज्य संबंध’ वाचलेलं मी कधी विसरणार नाही. दर वेळी पान क्रमांक सांगायचा. कंस आला की ‘कंस सुरू’, ‘कंस पूर्ण’. तक्ता आला की आधी किती रकाने, किती ओळी, मग डावीकडून उजवीकडे.

पहिलं प्रकरण पाठवलं आणि शाबासकीची वाट बघत बसले. तिचा निरोप आला: ‘ताई, तू छान वाचतेस, पण जरा जास्तच छान वाचतेस. महत्त्वाचं वाक्य आलं की तुझा आवाज चढतो. महत्त्वाचं काय ते मला ठरवू दे.’

मी तो निरोप तीन-चारदा वाचला. वाईट वाटलं होतं, पण तिचं बरोबर होतं. माझं ऐकून ती अभ्यास करणार, मग मी दिलेला जोर तिच्या उत्तरात उतरणार. तेव्हापासून सपाट वाचायला शिकले. ती पावणेदोनपट वेगाने ऐकते, हे तर मला नंतर कळलं. माझा एका तासाचा आवाज तिच्याकडे पस्तीस मिनिटांत संपतो.

याचा माझ्या स्वतःच्या वाचनावर झालेला परिणाम मी सांगू शकते, कारण तो वहीत दिसतो. पूर्वी मी पानावरून नजर फिरवायचे, उतारे रंगवायचे. मोठ्याने वाचताना शब्द गाळता येत नाही. ज्या वाक्याचा कर्ता मला सापडत नाही त्यावर जीभ अडखळते, आणि अडखळले की पुन्हा मागे जावंच लागतं. इतिहासाच्या पुस्तकांतही आता मी तेच करते. वेळ दुप्पट लागतो, पण टिपणं निम्मी झाली आहेत आणि उपयोगी पडतात.

नोव्हेंबरच्या परीक्षेचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कुणाला उपयोग होईल. मला वाटलं होतं मीच तिची लेखनिक होईन, ती सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहीन. तसं चालत नाही. विद्यार्थ्याने स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा खालच्या पायरीचं लागतं. म्हणून आमच्या चाळीतला बारावीचा मुलगा तयार केला. दोन आठवडे रोज संध्याकाळी तिघं बसायचो, ती सांगायची, तो लिहायचा. तिसऱ्या पेपरच्या आदल्या रात्री त्याला सणकून ताप. अकरा वाजता मी शेजारच्या अकरावीतल्या मुलीच्या दारात उभी. तिची आई म्हणाली, ‘अगं, हिला राज्यशास्त्रातलं ओ की ठो येत नाही.’ म्हटलं, काकू, येत नाही तेच बरं, फक्त अक्षर सुवाच्य हवं.

सकाळी केंद्रावर सांगितलं गेलं की लेखनिक आयत्या वेळी बदलता येत नाही, अर्ज तीन दिवस आधी लागतो. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आणीबाणीत लेखनिक बदलू द्यावा असं लिहिलेलं आहे. ते पान मी छापून बरोबर नेलं होतं, ते पुढे केलं. वरच्या खोलीत गेलं, खाली आलं, कुणाला तरी फोन झाला. पंधरा मिनिटं गेली. ती शेवटी भरून दिली, आणि तासाला वीस मिनिटांच्या हिशेबाने दोन तासांच्या पेपरला मिळणारी चाळीस मिनिटंही मिळाली. पण त्या पंधरा मिनिटांत ती बाकावर ज्या शांतपणे बसून होती, ते बघून मला रडू आलं. तिला याची सवय आहे, हेच मला सहन होईना.

तुमचं लिहा आता.

* * *

ऐरोली. बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र, गेल्या वर्षी संपलं.

आमचा गट दर शनिवारी खाडीकाठच्या तिवरांत सफाईला जायचा. पहिल्या शनिवारी आम्ही उत्साहाने सकाळी सातला पोचलो आणि समोर पाणीच पाणी. भरती. दोन तास बांधावर बसून होतो. तिथे जाळं विणत बसलेले दिवा कोळीवाड्यातले एक आजोबा म्हणाले, ‘आज तिथी कोणती?’ आमच्यापैकी एकालाही माहीत नाही. त्यांनी हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. खाडीत आत पाणी जरा उशिरा चढतं तेवढं धरायचं. त्या दिवशी अष्टमीच होती! घरी येऊन भरती-ओहोटीचं कोष्टक काढलं, पंचांग शेजारी ठेवलं आणि महिनाभराचं जुळवून पाहिलं. अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जुळतं. त्या वर्षी मी सगळ्यात जास्त वाचलेलं पुस्तक कुठलं विचाराल तर पंचांग.

आणखी एक. तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात. भरतीने आणलेली प्लॅस्टिकची पिशवी त्या मुळांवर टोपीसारखी बसते आणि आत चिखल भरतो. ओढली की मूळ तुटतं. म्हणून आधी कात्रीने पिशवीला चीर द्यायची, चिखल सांडू द्यायचा, मग हळूच सोडवायची. एका पिशवीला पाच मिनिटं जातात. गोण्या मोजून फोटो काढायचे असतील तर हे काम परवडत नाही. आमच्या गटात यावरून भांडणं झाली आणि निम्मे जण गळाले. जे उरलो ते पुढे मेपर्यंत गेलो. जानेवारीत फ्लेमिंगो अगदी समोर उतरलेले असायचे, पाण्यात मान उलटी घालून चरायचे. बांधावरून त्यांचा घोगरा आवाज ऐकत मी तिसऱ्या वर्षाच्या नोट्स वाचल्या आहेत.

* * *

मी जुना विद्यार्थी आहे, आता महापेला नोकरी करतो. २००५ साली ठाण्यात बी.कॉम.ला होतो. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांना पाठ आहे. उल्हास नदीने बदलापूरकडे काय केलं ते कमी जणांना आठवतं. एनएसएसमधून आम्ही बाराजण तिकडे गाळ काढायला गेलो. दोन दिवस घरांतला गाळ काढला. तिसऱ्या दिवशी एका छोट्या वाचनालयात पाठवलं. खालचे तीन कप्पे पाण्यात गेले होते.

मला तोवर पुस्तकांची विशेष गोडी नव्हती, खरं सांगतो. तिथल्या ग्रंथपाल बाई साठीच्या होत्या. त्यांनी पहिलंच सांगितलं, ओलं पुस्तक उघडू नका. आम्ही नेमकं तेच करत होतो आणि पानं हातात येत होती. बंद पुस्तक उभं ठेवायचं, पाणी निथळू द्यायचं. मग वीस-पंचवीस पानांमागे एक कोरा कागद किंवा जुनं वर्तमानपत्र घालायचं, ते ओलं झालं की बदलायचं. पंख्याचा वारा द्यायचा, उन्हात ठेवायचं नाही, कागद आखडतो. वीज नव्हती, त्यामुळे पुठ्ठ्याने वारा घालत बसलो. गुळगुळीत कागदाची सचित्र पुस्तकं एकदा चिकटली की वीट होते, ती गेली. साध्या कागदावरची जुनी पुस्तकं बचावली. शंभर वर्षांपूर्वीचा कागद टिकला आणि दोन वर्षांपूर्वीचा गेला, याचं आम्हाला फार आश्चर्य वाटलं.

वर्तमानपत्राचे तुकडे बदलता बदलता एका कादंबरीचं पान समोर आलं. वाचलं. पुढचं पान ओलं, उलटता येईना. दुसऱ्या दिवशी ते वाळल्यावर पुढचं वाचलं. असं आठ दिवस, जेवढी पानं वाळतील तेवढी. मी आयुष्यात पूर्ण वाचलेली ती पहिली कादंबरी. बाईंनी जाताना ती मला देऊ केली, मी घेतली नाही. वाचनालयाचीच राहू दे म्हटलं. तिच्या पानांना आलेला तो ओल्या चिखलाचा वास अजून आठवतो.

* * *

कोपरखैरणे, बी.एम.एस. छोटंसं आहे.

कॉलेजच्या रक्तदान शिबिरात मोठ्या हौसेने रांगेत उभी राहिले. बोटातून घेतलेला थेंब निळ्या मोरचुदाच्या पाण्यात सोडतात, तो खाली बुडायला हवा. माझा वरच तरंगत राहिला. हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली. माझ्यामागच्या सहा मुलींपैकी चौघींचं तेच झालं. आम्ही सगळ्या सकाळी काही न खाता ठाण्याहून वाशीची गाडी पकडणाऱ्या. घरी भाऊ दूध पिऊन निघतो आणि आपण चहावर, हे त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकींशी बोललो. मग रक्तक्षयावर जे मिळेल ते वाचलं, डॉक्टरांकडे गेलो, गोळ्या घेतल्या. गोळीवर लगेच चहा घ्यायचा नाही, हे तिथेच कळलं. फेब्रुवारीतल्या शिबिरात थेंब बुडाला. ३५० मिलिलिटर दिलं. मुलींना पुढचं रक्तदान चार महिन्यांनी करता येतं, त्यामुळे तेवढ्या दिवसांची आता डायरीत खूण असते.

* * *

ठाणे पश्चिम. एम.एस.डब्ल्यू. करतोय, फील्डवर्कसाठी येऊरच्या पाड्यांवर जायचो.

आमची पुस्तकपेटी होती, पत्र्याची. चाळीस पुस्तकं, टीएमटीच्या बसमध्ये मांडीवर घेऊन जायची. मुलं वारली समाजाची. पहिल्या दिवशी मी रानातल्या पक्ष्यांचं सचित्र पुस्तक उघडलं आणि शिकवायला लागलो. एक दहा वर्षांचा मुलगा चित्रावर बोट ठेवून म्हणाला, ‘दादा, हा इथे बसत नाही. हा खाली पाण्याशी बसतो.’ चित्रकाराने धीवर, म्हणजे खंड्या पक्षी, उंच झाडाच्या शेंड्यावर बसवला होता. मग आम्ही पुस्तकं तपासायचा खेळच सुरू केला. मुलं वाचायची, चूक सापडली की पेन्सिलीने शेजारी लिहायची. लिहायला कंटाळणारी मुलं चुका दाखवायला भराभर लिहू लागली. राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला वाढलेल्या मुलांपुढे शहरातल्या पुस्तकांचं काय टिकणार!

पण मला लिहायचं आहे ते दुसरंच. ऑक्टोबरच्या शेवटी आमची परीक्षा आली आणि आम्ही पाच आठवडे गेलो नाही. कळवलंही नाही, कारण कुणाला कळवायचं हे ठरलेलं नव्हतं. डिसेंबरात गेलो तर एका मुलीने पेटीकडे न बघता विचारलं, ‘आता कधीपर्यंत येणार?’ रागाने नाही, नुसतं माहिती असावी म्हणून. तिने आमच्याआधी आलेले दोन गट पाहिले होते. मला उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. पेटी परत न्यायची बंद केली, ती पाड्यावरच एका आजीच्या घरात ठेवली, किल्ली त्याच मुलीकडे. आणि कोणत्या रविवारी येणार नाही ते कॅलेंडरवर लाल गोल करून भिंतीला लावलं. पुढे मार्चमध्ये आम्ही तीन आठवडे नव्हतो. त्या काळात नोंदवहीत एकतीस पुस्तकं दिल्या-घेतल्याची नोंद आहे, तिच्या अक्षरात.

* * *

नेरूळ. इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष.

वर स्कॅन केलेल्या पुस्तकांचं वाचलं म्हणून लिहितोय. मी मराठी विकिस्रोतावर, म्हणजे जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन संग्रहावर, मुद्रितशोधन करतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सगळ्यांसाठी खुलं होतं. अशा जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं तिथे असतात. यंत्र अक्षरं ओळखून मजकूर काढतं, पण त्याला ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत फरक कळत नाही, रफार तर सरळ गिळतं. शेजारी चित्र ठेवून माणसाने एकेक ओळ दुरुस्त करायची. न तपासलेलं पान लाल, तपासलं की पिवळं. हिरवं मात्र दुसऱ्या कुणीतरी पुन्हा तपासल्यावरच होतं, स्वतःचं पान स्वतः हिरवं करता येत नाही. मला हा नियम फार आवडतो.

पनवेल गाडीत बसायला मिळालं की दोन पानं, नाही मिळालं तर एकही नाही. सप्टेंबर ते एप्रिल २१४ पानं झाली. मी इंग्रजी माध्यमाचा. ‘परंतु’ऐवजी ‘परंतुं’ की काय म्हणून डोळे फोडत बसायचो तेव्हा आजीला फोन करायचो. ती मला जुनी वाक्यं वाचायला लावायची आणि अर्थ सांगायची. एकदा दुरुस्त झालेलं पान स्क्रीन रीडर वाचू शकतो. आतापर्यंत हे मला नुसतं माहीत होतं, कळव्याच्या ताईंचं वाचून आज समजलं.

* * *

घणसोली, बी.ए. मराठी.

आमच्या सोसायटीत झाडलोट करणाऱ्या मावशींना मी शिकवलं. ‘उल्लास’ म्हणून नवसाक्षरांचा कार्यक्रम आहे, पंधरा वर्षांपुढच्या कुणालाही त्यात बसता येतं, शिकवणारे सगळे स्वयंसेवक. पाटी-पेन्सिल घेऊन जिन्याच्या पायरीवर दुपारी अर्धा तास. मी ‘अ’पासून सुरू केलं. चौथ्या दिवशी मावशी म्हणाल्या, ‘मला पहिलं रबाळे लिहून दे.’ तिथे त्यांची लेक राहते. मग स्टेशनं घेतली: ऐरोली, रबाळे, घणसोली, तुर्भे. गाडीत वरच्या पट्टीवर येणारं नाव पूर्ण व्हायच्या आत त्या ओळखायला लागल्या. एकदा दिघा गावचं नाव आलं, ते मी शिकवलं नव्हतं. त्यांनी ‘दि’ आणि ‘घा’ लावून वाचलं, आणि डब्यात मोठ्याने म्हणाल्या, ‘दिघा आलं!’

१७ मार्च २०२४ला त्यांनी परीक्षा दिली. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी पन्नास गुण. केंद्राबाहेर मी उभी होते, आणि आतून त्या बाहेर आल्या तेव्हा बोटांना शाई लागलेली. पेन घट्ट धरायची सवय काही मोडली नाही.

* * *

कळव्याच्या ताईने जिच्याबद्दल लिहिलं ती मीच. माझ्या फोनने तुमचं सगळ्यांचं वाचून दाखवलं.

ताईने एक गोष्ट लिहिलेली नाही, कारण ती परीक्षेच्या खोलीत नव्हती. अकरावीतली ती मुलगी पहिल्या पानावर खूप घाबरली होती. ‘सांविधानिक’ म्हटलं की विचारायची, ‘पहिली वेलांटी की दुसरी?’ मी शाळेपासून ब्रेलमध्ये लिहीत आले. ब्रेलमध्ये ‘क’ला ‘इ’ जोडायची तर आधी क येतो, मग इ, जसं बोलतो तसं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतात हे मला माहीत आहे, पण माझ्या बोटांना ते माहीत नाही. म्हणून मी मनात टिंबं मोजून तिला ‘ऱ्हस्व’, ‘दीर्घ’ असं सांगत गेले. तिसऱ्या उत्तरापर्यंत ती विचारायची थांबली. शेवटी वीस मिनिटं उरली तेव्हा तिने स्वतःहून सगळं मला परत वाचून दाखवलं, अगदी सपाट आवाजात. कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

हल्ली शनिवारी मी दोन मुलांना स्क्रीन रीडर शिकवते, मुंब्र्याला. एक दहावीतला आहे, त्याची नजर दोन वर्षांपूर्वी गेली. त्याला वेग वाढवायची भीती वाटते. अजून सव्वापटीवर आहे.

एप्रिलमध्ये सहाव्या सत्राची परीक्षा आहे, पाच पेपर. ताप आलेला तो मुलगा तेव्हा सीईटीच्या तयारीत असणार, अकरावीतल्या मुलीची वार्षिक परीक्षा असेल. ठाणे, कळवा, मुंब्रा भागात अकरावी-बारावीचं कुणी असेल, मराठी अक्षर स्वच्छ आणि सकाळी दहाला पोचता येईल असं, तर ताईला सांगा. आधी चार-पाच वेळा बसावं लागेल. राज्यशास्त्र यायची गरज नाही.